सात की आठ?

महाराष्ट्रात आजवर सर्वांत जास्त वेळा झालेलं भाषण कोणतं, असा प्रश्न कुणी काढला तर लोक मोठमोठ्या वक्त्यांची नावं घेतील. माझ्या मते तो मान 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री' या भाषणाचा आहे. या भाषणाला अध्यक्ष लागत नाहीत, पाहुण्यांचा परिचय लागत नाही आणि ते दहा सेकंदांत आटपतं. वक्ता म्हणजे मांडववाल्याचा पोऱ्या. तो माइकवर आधी टिचकी मारतो, मग फुंकर मारतो, मग मोजायला लागतो आणि तीनवर थांबतो. चार हा आकडा मी आजपर्यंत कुठल्याही लाऊडस्पीकरवरून ऐकलेला नाही. मग तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोऱ्याला ओरडून विचारतो, "आवाज येतोय का?" तिकडून हात वर होतो. चाचणी संपली.

आवाज येतोय का, हे विचारून झालं. काय बोललो ते कळलं का, हे कुणी विचारत नाही. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत हे सिद्ध करायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं खपावं लागलं आणि आमच्या सोसायटीला एक खजिनदार गमवावा लागला.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं दोन ॲल्युमिनियमचे कर्णे आणि एक जुना ॲम्प्लिफायर एवढाच संसार होता. कर्ण्यातून कुणीही गायलं तरी गायकाला पडसं झालंय असं वाटायचं. आरतीतल्या देवांनाही ते झालेलं असायचं. शेवटी कमिटीने ठराव केला, वर्गणी वाढवली आणि फ्रिजएवढे दोन खोके आणले. पहिल्या संध्याकाळी ते सुरू केले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मांडणीतली भांडी वाजली. "काय बेस आहे!" म्हणून सभासद एकमेकांना टाळ्या देऊ लागले. भांडी ज्यांची होती त्यांनी तेवढी टाळी दिली नाही.

पाचव्या दिवशी खजिनदारांनी हिशेब वाचला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. कापराच्या बारा रुपयांचीही पावती फाइलला लावणारा माणूस. त्यांनी जमा वाचली, खर्च वाचला आणि म्हणाले, "शिल्लक सात हजार चारशे वीस." टाळ्या झाल्या. प्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर तोच हिशेब लागला आणि दुपारपर्यंत जिन्याजिन्यांत कुजबुज सुरू झाली. मागच्या पाच रांगांनी आठ हजार चारशे वीस ऐकलं होतं. रातोरात हजार रुपये गेले कुठे?

अण्णांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. मोठी माणसं असली कामं तोंडावर करीत नाहीत. पण तिसरीतल्या एका पोराने सायकल थांबवून त्यांना विचारलं, "अण्णाआजोबा, ते हजार रुपये तुम्ही घेतले?" त्याच संध्याकाळी अण्णा रोजकीर्द, पावतीपुस्तकं आणि कपाटाची किल्ली घेऊन माझ्या दारात आले. मी बँकेत कारकून आणि वर बी.कॉम., म्हणून. "तपासून घ्या," एवढंच म्हणाले. चहाही घेतला नाही. मी रात्री बसून मेळ घातला. पैशाचाही फरक नव्हता. तसं मी कमिटीला लिहून दिलं. कमिटी म्हणाली, "हिशेब बरोबरच असेल हो, पण आम्ही आठ ऐकलं त्याचं काय?" रोजकीर्दीपेक्षा माणसाचा स्वतःच्या कानावर जास्त विश्वास असतो. अण्णांनी किल्ली परत घेतली नाही.

आता 'सात' हा शब्द घ्या. त्यातला स काढा, त काढा. उरला आ. 'आठ'मधला ठ काढा. उरला आ. दोन्हीकडे शिल्लक तीच. मग ऐकणारा आपल्या स्वभावाप्रमाणे उरलेली जागा भरून काढतो. आमच्या सभासदांचा स्वभाव हजाराने वरचा निघाला.

हे गणित अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीने फार पूर्वी मांडून ठेवलं होतं. तिच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर नावाचे एक शास्त्रज्ञ होते. तिथे माणसांना बसवून टेलिफोनवरून निरर्थक अक्षरं ऐकवायची आणि ऐकू आलं ते त्यांनी लिहून घ्यायचं, असे प्रयोग वर्षानुवर्षं चालत. निरर्थक अशासाठी, की अर्थ असला तर माणूस न ऐकलेलंही बरोबर लिहितो. (काउंटरवर उभं राहून निरर्थक ऐकायचं आणि ते लिहून घ्यायचं हे आम्हीही करतो, पण आमच्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही.) मग त्यांनी बोलण्यातले खालचे सूर गाळून पाहिले आणि वरचे सूर गाळून पाहिले. खालचे गाळले तेव्हा आवाजातला जोर बराचसा गेला, पण शब्द कळत राहिले. वरचे गाळले तेव्हा जोर जवळजवळ तसाच राहिला आणि अर्थ गेला. बोलण्याचं वजन आ, ई, ऊ या स्वरांत असतं आणि ते एक हजार हर्ट्झच्या खाली मुक्काम करून असतं. अर्थ मात्र स, श, त, फ अशा किडकिडीत व्यंजनांत असतो. ती दोन हजारांच्या वर कुठेतरी हळूच येतात आणि लगेच निघून जातात. वजनदार माणसं एकीकडे आणि कामाची माणसं दुसरीकडे, ही व्यवस्था केवळ कचेऱ्यांतच असते असं नाही.

टेलिफोन कंपनीला याची एवढी काळजी का, तर तिचा सगळा धंदा तारेवर होता आणि तार ही मुळातच पक्षपाती. लांबच्या तारेतून आवाज पाठवला की खालचे सूर बऱ्यापैकी पोचतात आणि वरचे वाटेत झिजतात. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा टेलिफोन समारंभाने सुरू झाला. न्यूयॉर्कला स्वतः ग्रॅहॅम बेल बसले आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचे जुने सहायक वॉटसन. पहिल्या टेलिफोनवर बेलनी वॉटसनना इकडे या म्हणून बोलावलं होतं. तेच त्यांनी पुन्हा म्हटल्यावर वॉटसन म्हणाले की आता यायला आठवडा लागेल. असल्या लांबच लांब तारांची सोय करता करता इंजिनिअरांनी तारेच्या टोकाला एक जोडणी बसवायला सुरुवात केली. तारेने वरचे सूर जेवढे खाल्ले तेवढेच या जोडणीने खालचे सूर खायचे, म्हणजे सगळे पुन्हा एका पातळीवर येतात. सगळ्यांना सारखं करणारा म्हणून त्याचं नाव इक्वलायझर.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावं अशी माझी विनंती आहे. इक्वलायझर म्हणजे आवाज 'वाढवायचं' यंत्र अशी आपली समजूत असते. मूळ इक्वलायझरला वाढवता येतच नव्हतं. त्याला फक्त वजाबाकी यायची. ज्याचं कमी झालं त्याला देण्याऐवजी ज्याचं जास्त होतं त्याचं काढायचं आणि मग सगळ्यांना मिळून ॲम्प्लिफायरने वर उचलायचं. आमच्या युनियनमध्ये हे धोरण कुणी मांडलं असतं तर तो परत निवडून आला नसता.

ज्या सॅन फ्रान्सिस्कोत जानेवारीत टेलिफोन पोचला, तिथेच त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, सिटी हॉलसमोरच्या गर्दीला लाऊडस्पीकरवरून भाषण आणि संगीत ऐकवण्यात आलं. ही करामत पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा आणि एडविन प्रिडहॅम हा अमेरिकन अशा दोघांची. कॅलिफोर्नियात नापा नावाच्या गावी एका घरात हे दोघे खटपट करीत होते. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं हलतं ठेवायचं, त्याला पडदा जोडायचा आणि पडद्याला फोनोग्राफचा कर्णा लावायचा. यंत्राचं नाव त्यांनी लॅटिनमधून घेतलं, मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे मोठा आवाज. नाव प्रामाणिक होतं. स्पष्ट आवाज असा त्यांचा दावाच नव्हता.

१९ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये राष्ट्रसंघाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. समोर सुमारे पन्नास हजार लोक. अध्यक्ष काचेच्या खोलीत आणि आवाज वरच्या कर्ण्यांतून. एका माणसाने हळू बोलायचं आणि पन्नास हजारांनी ऐकायचं, हे जगाला नवीन होतं. विल्सन आधीच थकलेले होते. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नोव्हेंबरात सिनेटने तह फेटाळला. पन्नास हजारांपर्यंत आवाज गेला, पण जे शंभराच्या आत होते त्यांच्या कानात शिरला नाही. त्यावर अजून प्रोसेसर निघालेला नाही.

आपल्याकडे तेव्हा हे काही नव्हतं. टिळकांच्या सभा नुसत्या छातीच्या जोरावर झाल्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. शेवटच्या बाकावरच्या माणसालाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं पाहिजे, ही सगळी जबाबदारी गळ्याची. सभांचं चित्र बदललं ते १९३१ साली. वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथे नानिक मोटवाने यांनी लाऊडस्पीकर लावले. त्यांच्या कंपनीचं नाव शिकागो रेडिओ. कंपनी मुंबईची, घराणं सिंधचं आणि नाव शिकागोचं. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या फोटोत माइकवर ती पाटी स्पष्ट दिसते. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या भाषणांसमोर शिकागो हे अक्षर पाहून परदेशी वार्ताहरांना काय वाटत असेल कोण जाणे.

पण गंमत पुढेच आहे. लाखांच्या सभेत त्या कर्ण्यांतून शब्द कळायचे. आमच्या गच्चीवरच्या कर्ण्यांतूनही कळायचे. कारण कर्ण्याला खालचे सूर काढताच येत नाहीत. तीन-चारशे हर्ट्झच्या खाली त्याची मजल नाही. म्हणजे मघाच्या इक्वलायझरची वजाबाकी कर्णा आपल्या गरिबीमुळे आपोआप करीत होता. गाणं पडशातलं यायचं, पण 'सात' हा सातच यायचा. मग आम्ही श्रीमंत झालो आणि खोके आणले. खोक्यांना खालचे सूर उदंड. स्वर दणकून बोलू लागले आणि व्यंजनं बिचारी गर्दीत चेंगरली. अण्णांची बदनामी सोसायटीच्या भरभराटीतून झाली आहे, हे माझं मत मी कमिटीत मांडलं. ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

सगळा दोष खोक्यांवर ढकलणंही बरोबर नाही. खोलीसुद्धा बोलत असते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे प्राध्यापकांचं बोलणं कुणाला कळेना. (काही ठिकाणी त्याला व्याख्यानगृह जबाबदार नसतं, पण इथे होतं.) वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर ते काम आलं. त्याने मोजलं तर तिथे एक आवाज काढला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेला तरी मागचे शब्द अजून भिंतींवर आपटत फिरतायत. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडत जायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून बसायचं आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवायच्या. गाद्या उसन्या आणून परत करण्यातून एक शास्त्र उभं राहिलं. आमच्याकडे लग्नघरी हे पूर्वापार चालत आलंय, पण घड्याळ लावायचं राहून गेलं.

इक्वलायझर खोलीत आला तो टेक्सासमध्ये. १९५८ साली वेन रुडमोस या शास्त्रज्ञाने डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरच्या लाऊडस्पीकरांचा आवाज, इमारत कुठले सूर फुगवते ते पाहून, त्याप्रमाणे सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. विमानतळच निवडावासा वाटला हे अगदी समजण्यासारखं आहे. 'गाडी क्रमांक अमुक, फलाट क्रमांक तमुक' ही बसस्टँडवरची घोषणा ऐकून आपापली गाडी चुकवलेल्या कुणालाही ते पटेल. पुढे १९६२ च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या सी. पी. बोनर यांनी त्याचं रीतसर शास्त्र केलं. माइक कुई करून केकाटतो तो सगळ्या सुरांवर नाही, एखाद्याच सुरावर. लाऊडस्पीकरमधून निघालेला तो सूर खोलीत फुगून परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा शिरतो. चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच. बोनरसाहेब तो नेमका सूर शोधायचे आणि सुईच्या टोकाएवढी वजाबाकी करायचे. मग पुढचा सूर, मग त्याच्या पुढचा. एवढं झालं की उरलेला आवाज खुशाल वाढवा, माइक ओरडत नाही. १९६७ मध्ये आल्टेक कंपनीने याच कामासाठी सप्तकाच्या एकतृतीयांश पट्ट्या पाडलेला इक्वलायझर बाजारात आणला.

घरगुती जगात मात्र वेगळाच इतिहास घडत होता. १९५२ साली पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात बेस आणि ट्रेबल या दोन बटणांची एक जोडणी छापून दिली. ज्याला हवी त्याने ती करून पाहावी. जगभरच्या रेडिओवाल्यांनी ती उचलली. तुमच्या-आमच्या घरात ॲम्प्लिफायर म्हणून जे काही येऊन गेलं त्यात बहुधा या गृहस्थाची विद्या होती. कागदावर त्यांची बटणं दोन्हीकडे फिरत, मध्यापासून उजवीकडे बेरीज आणि डावीकडे वजाबाकी. पण डावीकडे फिरवलेलं बेसचं बटण मी अजून पाहिलेलं नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू कमी करायची म्हणजे काय!

त्यानंतर सरकत्या बटणांचे इक्वलायझर आले. टेपरेकॉर्डरवर पाच, बड्या घरच्या डेकवर दहा. त्या बटणांनी पुढे ठेवलेलं दृश्य मी शेकडो घरांत पाहिलंय. डावीकडची वर, मधली खाली, उजवीकडची वर, म्हणजे हसणारा चेहरा. यामागेही शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा करीत गेलं की ते भराभर पुढे येतात. तेव्हा हळू आवाजात गाणं ऐकणाऱ्याने दोन्ही टोकं थोडी वर केली तर त्याला क्षमा आहे. पण हाच हसरा चेहरा भर चौकात मोठ्या आवाजाला लावला की बेस मुळातच पुढे आलेला असतो, त्यात आणखी भर पडते. मधल्या खोलगट भागात बसलेली असतात ती माणसाची बोलणी.

१९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग या अमेरिकन तरुणाने पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध वाचला. आता ठरावीक पट्ट्या नाहीत. कुठला सूर, किती वर-खाली आणि किती रुंदीचा, हे तिन्ही आपणच ठरवायचं. या रुंदीला क्यू म्हणतात. क्यू मोठा म्हणजे काप अरुंद. हे उलटं का, असं मी विचारलं तेव्हा "तसंच असतं, काका," असं उत्तर मिळालं. बँकेत मी हेच उत्तर वीस वर्षं देत आलो असल्यामुळे पुढे बोलता आलं नाही.

उत्तर देणारा मुलगा म्हणजे आमच्या सेक्रेटरींचा भाचा. नाटकांना साउंड लावतो. अण्णांची हकीगत ऐकून तो पुढच्या गणपतीआधी एक यंत्र घेऊन आला. वहीच्या लांबीचं, वीतभर रुंद, समोर छोटा पडदा. लाऊडस्पीकर प्रोसेसर. दोन वाटा आत येतात आणि सहा बाहेर जातात. गेल्या शंभर वर्षांत टेलिफोनवाल्यांनी, टेक्सासवाल्यांनी आणि मॅसेनबर्गने जे जे केलं ते सगळं त्या डबीत आकड्यांच्या रूपाने भरलेलं. मला यंत्रातलं कळत नाही, पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवरची खाती वाचली तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं. क्रॉसओव्हर म्हणजे कुठला सूर कुठल्या काउंटरला ते ठरवणारा शिपाई; खालचे सूर मोठ्या खोक्याला, वरचे लहान कर्ण्याला. या शिपायाची आज सर्रास चालणारी एक रीत लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांनी १९७६ साली घालून दिली, तीत दोन काउंटरांच्या सीमेवर भांडण होत नाही. लिमिटर म्हणजे ओव्हरड्राफ्टची मर्यादा. कितीही आरडाओरडा करा, एवढ्याच्या वर उचल मिळणार नाही. नाहीतर लाऊडस्पीकरचं वेटोळं जळतं, आणि ते कर्ज माफ होत नाही.

आणि डिले, म्हणजे चेक वटायला लागणारा वेळ. आमच्या हॉलमध्ये मागच्या रांगांसाठी दोन लहान स्पीकर भिंतीला लावले आहेत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, तारेतून तत्काळ पोचतो. तेव्हा सतरा मीटर मागे बसलेल्याला अण्णा आधी भिंतीतून ऐकू यायचे आणि मग स्टेजवरून. एका 'सात'चे दोन सात. जर्मनीत गटिंगेनला हेल्मुट हास याने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की दुसरा आवाज किंचित उशिरा आला तर कान त्याला पहिल्यातच मिळवून घेतो, आणि आवाज पहिल्याच दिशेने आला असं मानतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५१ च्या सुमारास हा उशीर मुद्दाम घालण्यासाठी आवाज फिरत्या चाकावर चुंबकाने नोंदवून क्षणभराने परत वाचून घेत असत. भाच्याने तेच काम एका बोटाने केलं. पन्नास मिलिसेकंद हवेचे आणि दहा वर हाससाहेबांचे. साठ.

मग त्याने एक माइक उंच काठीवर मधोमध उभा केला आणि खोक्यांतून नळाला पाणी येण्यापूर्वी येतो तसा शूऽऽ असा आवाज सोडला. पडद्यावर आमच्या हॉलची कुंडली उमटली. अडीचशे हर्ट्झच्या आसपास एक भलामोठा डोंगर. "हा तुमचा हॉल," तो म्हणाला. बघायला कमिटी जमली होती. अध्यक्ष म्हणाले, "आता वाढव की!" त्याने माइकच्या वाटेवर १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. अडीचशेचा डोंगर रुंद काप घेऊन चार डेसिबलनी उतरवला. माइकला बोलतं करून तो कुठे केकाटतो ते शोधलं आणि तिथे दोन अरुंद काप दिले. मोठ्या खोक्यांच्या वाटेचा गेन उतरवला. तासाभरात एकही आकडा अधिक चिन्हाचा नव्हता. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा नक्की शिकलाय ना?" शेवटी तो म्हणाला की घुमणं याने जात नाही, त्याला यंत्र नाही. आणि स्पीकर खाली उतरवून माणसांच्या दिशेला वळवायला आणि मागच्या भिंतीवर जुने जाड पडदे टांगायला सांगितले. सॅबिनच्या गाद्या बरं का त्या. आमच्या चार बिऱ्हाडांतून सत्तरच्या दशकातले पडदे निघाले.

त्या वर्षी हिशेब वाचला तो नव्या खजिनदार वहिनींनी. अण्णा आले, पण पुढे बोलावलं तरी पुढे गेले नाहीत. सर्वांत मागच्या रांगेत, पडद्याला टेकून बसले. वहिनी वाचत होत्या तशी त्यांची बोटं मांडीवर बेरीज करीत होती. "शिल्लक सात हजार नऊशे पासष्ट," वहिनी म्हणाल्या. हॉलमध्ये मान वळवायची नाही असं ठरवूनही सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अण्णा उभे राहिले. "सात हजार नऊशे पंचावन्न पाहिजेत. दहा रुपये मंडपाच्या दोरीचे धरले नाहीत," म्हणाले आणि बसले. वहिनींनी पान उलटून पाहिलं. दोरी राहिली होती. त्या रात्री मी किल्ली घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा विचारला, आणि मला घ्यावा लागला. किल्लीबद्दल "बघू" म्हणाले. अजून बघतायत. पण रोजकीर्द दर रविवारी त्यांच्याकडे तपासायला जाते.

मिरवणुकीचा विषय मात्र सुटलेला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. हे आकडे लोकांना किरकोळ वाटतात, कारण डेसिबलची बेरीज कॉमर्सवाल्यांनाही पटकन कळत नाही. दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. ५५ आणि १०० यांत पंचेचाळीसचा फरक दिसतो, शक्तीचा हिशेब केला तर तो एकतीस हजार पटींच्या वर जातो. मी हे आमच्या तरुण मंडळींना कागदावर करून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, एकशेदहा केला तर?"

म्हणून भाच्याने जाताना प्रोसेसरला सांकेतिक आकड्याचं कुलूप घातलं, लिमिटर खाली बांधला आणि सगळं जाळीच्या कपाटात बंद केलं. तरी अध्यक्षांचं समाधान होईना. फिरवायला हातात काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्याने जुन्या ॲम्प्लिफायरचं बेसचं बटण काढून कपाटाच्या बाहेरच्या फळीवर बसवून दिलं. साउंडवाल्यांत ही जुनी रीत आहे म्हणे. बटणाला आत कसलीही तार नाही. दर कार्यक्रमाला अध्यक्ष स्टेजवरून उठून येतात, ते थोडंसं उजवीकडे फिरवतात, कान देऊन ऐकतात आणि मागे वळून मला म्हणतात, "बघा, आता कसं भरदार वाटतंय."